घोड-कुकडीच्या खोऱ्यांतील वणवा व गांवशीव

पुणें-नाशिक रस्त्यानें मंचर मागें टाकून उत्तरेस निघालें म्हणजे घोड नदीच्या कांठीं कळंब हें गांव लागतें. कळंब हें मुळांत एका वृक्षाचें नांव. संस्कृतांतील कदंब तो हाच कीं त्याचा केवळ सोयरा, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांनीं मिटवावा. आज गांवाभोंवतीं वृक्षांपेक्षां ऊंसच अधिक दिसतो. परंतु फाल्गुन-चैत्रांतील रात्रीं येथून पश्चिमेस नजर टाकली तर डोंगराच्या पाठीवर तांबडी रेघ हळूहळू वर सरकतांना पुष्कळ वेळां दिसते, आणि दुसऱ्या दिवशीं तोच डोंगर काळा पडलेला असतो. ही रेघ म्हणजे वणवा. वनदव ह्या संस्कृत शब्दापासून हा शब्द मराठींत आला, आणि जेवढा शब्द जुना तेवढाच हा शत्रूही जुना आहे.

इतिहासाच्या त्रैमासिकांत वणव्यास जागा कां द्यावी, असें वाचक विचारतील. त्यास आमचें उत्तर असें कीं, एकदां येऊन गेलेल्या फौजेची नोंद बखरकार करितो, दरसाल येणाऱ्या आगीची करीत नाहीं. तथापि जंगलाच्या कडेस वसलेल्या गांवांचे नियम, वहिवाटी आणि सरकाराशीं झालेलीं भांडणें पाहूं गेल्यास त्या आगीची धग पानोपानीं लागते. वणवा लागूं नये, लागलाच तर घरापर्यंत येऊं नये, हें काम कोणाचें? गांवाचें कीं सरकाराचें? ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या तीनशें वर्षांत एकदां पार उलटें झालें, व आतां तें पुनः फिरूं पाहत आहे. तें कसें, हें जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांपुरतें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. भीमाशंकराच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कळंबाकडे येतां येतां तो त्याच्या चौथाईवर येतो. मधल्या पट्ट्यांत, म्हणजे डिंभ्याच्या आसपास व कुकडीच्या उगमाकडील खोऱ्यांत, चार महिने गवत माणसाच्या कमरेइतकें वाढतें आणि मार्गशीर्षापासून वाळूं लागतें. कुसळी, पवन्या, शेडा हीं गवतें माघांत नुसतीं सरपण होऊन उभीं असतात. घाटमाथ्यावरील सदाहरित रानांत जमीन ओलसर असल्यामुळें आग सहसा आंत शिरत नाहीं. ती जळते ती गवताळ पठारांवर, पानगळीच्या रानांत आणि गांवाच्या शिवेवर. झाडांचे शेंडे पेटवीत धांवणारी अमेरिकेंतील आग ती ही नव्हे. ही जमिनीलगत चालते; पण चढावर तिचा वेग दर दहा अंशांस सुमारें दुप्पट होतो, आणि वाटेंत पेंढ्याची गंजी किंवा गवती छपर सांपडल्यास ती एका झेपेंत घर गांठते. कोरड्या हवेंत वीज पडून येथें आग लागणें विरळा. येथील वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो. म्हणूनच तो निसर्गशास्त्राइतकाच इतिहासाचाही विषय आहे.

वन जाळण्याविरुद्धचा सर्वांत जुना उपलब्ध राजशब्द अशोकाचा. अभिषेकापासून सव्विसाव्या वर्षीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत, निष्कारण किंवा प्राणिहिंसेसाठीं वन जाळूं नये, अशी आज्ञा आहे. ह्यांतील ‘निष्कारण’ ह्या अर्थाचा शब्द महत्त्वाचा होय. सकारण जाळणें तेव्हांही चालू होतें व राजास तें मान्य होतें, असाच त्याचा अर्थ निघतो. कौटिल्य ह्याहून कठोर आहे. कुरण, शेत, खळें, घर, लांकडाचें रान अथवा हत्तींचें रान पेटविणाऱ्यास अग्नीनेंच दंड द्यावा, असें तो सांगतो. रान आणि खळें त्यानें एकाच सूत्रांत घातलें, ह्यावरून वनाची आग व वस्तीची आग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असें तो मानीत नसावा. हा विचार आज पाश्चात्य देशांत मोठ्या खर्चानें नव्यानें शिकला जात आहे!

खुद्द जुन्नरचा पुरावा निराळ्या तऱ्हेचा आहे. तेथील लेण्यांतील शिलालेखांत, वडालिका नांवाच्या गांवांतील जमिनीचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्याकडे आणि दुसऱ्या एका गांवांतील जमिनीचें वडाचीं झाडें लावण्याकडे नेमून दिल्याचे उल्लेख आहेत. झाड लावून तें राखण्यासाठीं उत्पन्न तोडून देणें, ही कल्पना ह्या खोऱ्यांत सुमारें अठराशें वर्षांची जुनी आहे. मात्र येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. जुन्नर तालुक्यांत इंगळूण नांवाचें गांव आहे. इंगळ म्हणजे निखारा, तेव्हां हें गांव कधीं काळीं वणव्यांत जळलें असावें, असा तर्क करण्याचा मोह कोणासही होईल. आम्हांसही झाला होता. परंतु नामसाम्यावर इतिहास रचण्याची खोड आपल्याकडे आधींच पुष्कळ आहे; तींत आणखी भर नको.

शिवकालाकडे आलों म्हणजे आगीविषयींचें एक असाधारण पत्र समोर येतें. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाकडील लष्करी छावणीस शिवाजी महाराजांच्या सरकारांतून तें गेलें. पावसाळ्यासाठीं सांठविलेलें गवत व दाणा जपून वापरा, रयतेस उपद्रव देऊं नका, ही त्यांतील गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे आणि सभांतून वारंवार सांगितली जाते. आगीचा भाग मात्र लोक गोष्टीदाखल वाचून पुढें जातात. कोणी भलत्याच जागीं चूल मांडील, कोणी शेकोटी करील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, आणि जवळ गवत पडलें आहे, वारा सुटला आहे, हें कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं; रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल; एक खण पेटला कीं सारे खण पेटतील. अशी ही मालिका आहे. आज ज्यास आपण धोक्याचें पृथक्करण म्हणतों तें ह्याहून वेगळें काय आहे? ठिणगी कोठून येते, ती कशावर पडते, आणि पेटलेलें एक दुसऱ्यास कसें पेटवितें, हे तिन्ही प्रश्न त्यांत क्रमानें आले आहेत. आणि उपायही शिक्षेचा नसून जागेचा व जाग्रणाचा आहे: चुली कोठें असाव्या, दिवा केव्हां मालवावा, फिरून पाहणी कोणी करावी.

१७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रांत गडाच्या घेऱ्यांतील झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी व तींतील काडीही तोडूं देऊं नये, असें म्हटलें आहे. गडावरचा केर खालीं न लोटतां जागच्या जागीं जाळावा व त्याची राख परसांत घालून भाजीपाला करावा, असेंही त्यांत आहे. केराचा हा नियम आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो, कारण वाळला पालापाचोळा गडाच्या उतारावर सांचूं दिला तर तेंच शत्रूच्या हातांतील सरपण होय. शिवनेरीसारख्या गडास हें किती लागू पडे, तें उन्हाळ्यांत तेथील उतार पाहणाऱ्यास सांगावयास नको. ह्या मजकुरावरून ‘आमचे पूर्वज पर्यावरणवादी होते’ असें म्हणण्याचा सध्यां प्रघात पडला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. झाडी राखावयाची ती लढाईच्या वेळीं बंदुकवाले दडविण्यासाठीं, आणि सागवान राखावयाचें तें आरमारासाठीं. हेतु रोकडा होता म्हणूनच हुकूम पाळला जाण्याची आशा होती.

ह्याच रोकड्या हेतूचें दुसरें उदाहरण कुरणांचें. मराठी राज्यांत घोडदळासाठीं गवताचीं रानें राखीव असत. जुन्नर तालुक्यांत कुरण ह्याच नांवाचें गांव आजही आहे. राखीव कुरण म्हणजे न कापलेलें रान नव्हे; उलट, दसरा-दिवाळीनंतर गवत कापून गंज्या रचण्यासाठींच तें राखलेलें असे. आणि जें गवत कार्तिकांत कापलें गेलें तें फाल्गुनांत जळूं शकत नाहीं. ह्या साध्या गोष्टीकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं, पण ती आमच्या विषयाची किल्ली आहे. वणवा विझविण्यापेक्षां त्याचें खाद्य आधींच घरीं आणणें, हाच जुन्या व्यवस्थेचा मुख्य प्रतिबंध होता. गुरांस चारा, छपरास शाकार, घोड्यांस वैरण, चुलीस काटक्या, ह्या चार गरजा मिळून गांवाभोंवतींचा पट्टा मोकळा ठेवीत, आणि त्यासाठीं कोणास हुकूम करावा लागत नसे.

आतां राबाकडे वळूं, कारण सर्व वादाचें मूळ तेथें आहे. पश्चिमेकडील भात-नाचणीच्या पट्ट्यांत, शिमगा उलटला कीं रोपांच्या वाफ्यावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा व गवत ह्यांचे थर देतात, वर बारीक माती पसरतात आणि तो ढीग जाळतात. ह्यास राब म्हणतात. वाकबगार शेतकरी तो वारा पडल्यावर पेटवितो, आणि तोही वाऱ्याच्या खालच्या अंगास, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते, माती नीट भाजते व ज्वाळा उसळत नाहीं. वरची माती हें आगीचें झांकणच होय. तणाचें बीं मरतें, राखेचें खत होतें, आणि माती तापल्यानें रोपांस जोर येतो. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९१२ च्या सुमारास ह्या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां जो प्रकार रानटी म्हणून हिणविला जाई त्यास प्रयोगशाळेंत मान मिळाला. अर्थात् राबाची आग कधीं सुटत नसे, असें आम्ही म्हणत नाहीं. ती सुटे, डोंगर जळत, आणि टहाळासाठीं ऐनाचीं झाडें खराटे होत. परंतु तिला ठराविक जागा, ठराविक वेळ आणि पेटविणाऱ्याचें नांव होतें. ज्याचा राब सुटला तो कोण हें साऱ्या वाडीस ठाऊक असे. आजच्या वणव्यास ह्यांतलें कांहींच नसतें.

जुन्नरचा आणि इंग्रजी वनखात्याचा संबंध अगदीं आरंभापासूनचा आहे. दापोडीच्या सरकारी बागेचे अधिकारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. ह्याच गिब्सनसाहेबांची औषधी वनस्पतींची दुसरी बाग नारायणगांवाजवळ हिवरें येथें होती. झाडी गेली म्हणजे झरे आटतात, ही त्यांची खात्री असून डोंगरउतारावरील फिरत्या शेतीस त्यांनीं आळा घातला. आगीचें शास्त्र मात्र दुसरीकडे सुरू झालें. सातपुड्यांतील बोरीच्या रानांत १८६४ च्या सुमारास कर्नल पीअर्सन ह्यांनीं रान आगीपासून राखण्याचा पहिला मोठा प्रयोग केला, आणि पुढें जाळरेषा, म्हणजे रानाभोंवतीं आधींच साफ केलेला अथवा जाळून टाकलेला पट्टा, हें वनखात्याचें नित्याचें साधन झालें.

१८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनीं रानाची मालकी स्पष्टपणें सरकाराकडे गेली. राबासाठीं टहाळ तोडण्यावर बंधनें आलीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत ओरड झाली, आणि १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. आंबेगांव तेव्हां खेड तालुक्याची पेठा होती. (मूळ आंबेगांव आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे; तालुक्याचें ठाणें घोडेगांव.) घाटाच्या वरचा राब व खालचा राब ह्यांत भेद तो काय? जो आंचका कोंकणांत बसला तोच येथेंही बसला.

१९२७ च्या कायद्यांतील दोन कलमें ह्या संबंधांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत. एकोणऐंशीव्या कलमाप्रमाणें, रानांत कांहीं हक्क अथवा परवानगी असणाऱ्या प्रत्येकानें आगीची वर्दी देणें व ती विझविण्यास मदत करणें बंधनकारक आहे. सव्विसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणें, राखीव रानांत कोणी जाणूनबुजून किंवा अक्षम्य हयगयीनें आग लाविली तर, अपराध्यास शिक्षा झाली असली तरीही, त्या रानांतील चराईचे व वनोपजाचे सर्वांचे हक्क सरकारास कांहीं काळ बंद ठेवितां येतात. आतां गांवकऱ्याच्या जागीं उभें राहून पाहावें. वर्दी द्यावी तर चौकशी आपल्याच वाडीपासून सुरू होणार, आणि आग लावल्याचें ठरलें तर साऱ्या गांवाचीं गुरें उपाशीं. न द्यावी तर हयगय. आमचें मत असें कीं, गांव आणि आग ह्यांमधील जुनें नातें तुटण्यास ह्या जोडीइतकें दुसरें कारण झालें नसेल. पूर्वीं वणवा हा गांवाचा शत्रु होता. आतां तो सरकाराचा शत्रु झाला आणि गांव संशयित. खात्यानें जंगल वांचविलें नसतें तर आज भीमाशंकराकडे दाखविण्यासारखें थोडेंच उरलें असतें, हेंही तितकेंच खरें. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात.

विशेष म्हणजे ज्या जाळण्याबद्दल शेतकऱ्यास दोष दिला गेला, त्याकडे वनखातें स्वतःच पुढें वळलें. ब्रह्मदेशांतील ओलसर सागवानी रानांत वर्षानुवर्षें आग बंद ठेवली तेव्हां सागाचीं रोपें उगवेनाशीं झालीं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें सरसकट अग्निबंदी सोडून देण्यांत आली. थंडीच्या दिवसांत थोडें थोडें आधींच जाळावें, ही रीत पुढें अनेक ठिकाणीं मान्य झाली. अमेरिकेंत ह्याच्या उलट झालें. तेथील वनखात्यानें १९३५ सालीं असा दंडक घातला कीं, लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत विझली पाहिजे. चार दशकांनीं तो सोडावा लागला, कारण न जळलेलें सरपण रानांत सांचत गेलें. त्यांत कोरडी होत चाललेली हवा आणि रानाच्या कडेपर्यंत पोंचलेलीं घरें ह्यांची भर पडली. २०१८ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील पॅरडाइझ हें नगर काहीं तासांत भस्मसात् झालें व ८५ माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या मार्चांत तमिळनाडूंतील कुरंगणीच्या डोंगरांत वणव्यांत सांपडून वीसांहून अधिक गिर्यारोहक दगावले, तेव्हां हें संकट केवळ परदेशीं आहे असें समजूं नये.

देवराईंचा उल्लेख येथें टाळतां येत नाहीं. आहुपे येथील देवराईसारख्या रानांत वाळली काटकीही उचलूं नये असा दंडक. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील ह्या रानांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. वरवर पाहतां, जेथें पाचोळा उचलतच नाहींत तेथें आग अधिक लागावी. तसें सहसा होत नाहीं, कारण दाट सावलींत गवत उगवत नाहीं आणि पाचोळा ओला राहून कुजतो. म्हणजे आगीपासून संरक्षण दोन टोकांस आहे: पुरतें कापलेलें रान किंवा पुरतें राखलेलें रान. मधलें अर्धवट उजाड, अर्धवट गवताळ रान हेंच वणव्याचें खरें घर, आणि गांवशिवेवर आज तेंच सर्वत्र पसरलें आहे.

कां पसरलें, तर वर सांगितलेल्या चार गरजांपैकीं एकही आतां शिल्लक उरलेली नाहीं. घोडदळ दोनशें वर्षांपूर्वीं गेलें. छपरावर कौलें व पत्रे आले. चुलीच्या जागीं गॅस आला. तो यावा, बायाबापड्यांच्या डोक्यावरचा मोळीचा भार उतरला हें पुण्यच झालें. गुरें कमी झालीं. गवत मात्र पूर्वींइतकेंच वाढतें, आणि कापावयास कोणी नसल्यामुळें उभ्यानें वाळतें. त्यांत रस्त्यावरून टाकलेली विडी, बांध साफ करण्यासाठीं लावलेली काडी, डोंगरावर रात्र काढणाऱ्या हौशी मंडळींची शेकोटी. कळंबासारख्या बागाईत गांवांत आणखी एक प्रकार आहे. डिंभ्याच्या पाण्यानें ऊंस वाढला आणि तोडणीनंतरचें पाचट पेटविण्याची रीत पडली. तें जाळण्याऐवजीं सरींत कुजविलें तर जमिनीस खत होतें, हें कृषिखातें सांगत आलें आहे. पण काडी स्वस्त व मजूर महाग. जुन्नर-आंबेगांवच्या ऊंसांत बिबट्याची मादी पिलें घालते, तेव्हां पाचटाच्या आगींत काय काय जळतें तें सांगवत नाहीं.

१९८५ सालीं भीमाशंकर अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर. १९९२ पासून महाराष्ट्रांत संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या होऊं लागल्या, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस आपलें सामूहिक रान राखण्याचा अधिकार दिला. २००४ पासून भारतीय वनसर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारें आगीची सूचना देते. आरंभीं एक किलोमीटरच्या घरांत दिसणारी आग आतां ३७५ मीटरांच्या घरांत दिसते. ही प्रगति मोठी आहे. तथापि सूचना पोंचली तरी डोंगरावर प्रथम चढणारा माणूस वाडींतलाच, आणि त्याच्या हातांतील हत्यार म्हणजे ओल्या डहाळीचा झोडपा, हें चिपळुणाच्या पत्राच्या काळापासून बदललेलें नाहीं.

शिवेवरील पट्ट्याविषयीं एक गोष्ट नमूद करून हें टिपण संपवितों. वनखात्याची जाळरेषा रानाच्या हद्दीवर आंतल्या अंगास पडते. शेतकरी आपला बांध साफ करितो. ह्या दोहोंच्या मधें जें गायरान व पडीक उरतें तें ना खात्याचें ना कोणा खातेदाराचें. कागदोपत्रीं तें सरकारी किंवा ग्रामपंचायतीकडे. गवत तेथेंच सर्वांत उंच असतें, वाट तेथूनच जाते, आणि बहुतेक विड्या तेथेंच पडतात. जुन्या गांवकींत हा पट्टा गुरांच्या तोंडानें व विळ्यानें कार्तिक-मार्गशीर्षांत रिकामा होई. आतां तो रिकामा करावयाचा तर ग्रामसभेस तसा ठराव करावा लागेल, विळ्यास मजुरी द्यावी लागेल, आणि कापलेल्या चाऱ्यावर पहिला हक्क कोणाचा तें पौषापूर्वीं ठरवावें लागेल. कारण माघ लागल्यावर ठरविण्यासारखें कांहीं उरत नाहीं.